कमलबाईंचा बरमा

कमलबाईंना सोबत घेऊन कुणाच्या घरी जायचं म्हटलं की मी आधी दहादा विचार करायची. बाई वागायला वाईट होत्या अशातला भाग नाही. उलट बोलणं गोड, बसणं भारदस्त, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगावर कडक इस्त्रीचं सुती पातळ. बघणाऱ्याला वाटावं, आता या बाई चार समजुतीच्या गोष्टी सांगतील. पण त्यांच्या पर्समध्ये एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, असायचा, आणि तो कधी बाहेर निघेल याचा काही नेम नसायचा.

माझ्या पुतणीचं लग्न जमत होतं तेव्हा मुलाकडचं घर बघायला आम्ही पाथरीला गेलो होतो. मोठं माणूस सोबत असावं म्हणून मी बाईंना मुद्दाम नेलं. पोहे झाले, चहा झाला, मानपानाचं बोलणं निघालं, आणि तेवढ्यात कुणीतरी स्वयंपाकघराचं दार लोटलं. कर्रर्र असा आवाज झाला. मी बाईंकडे पाहिलं. बाई दाराकडे पाहत होत्या. "शोभा, मी आलेच," म्हणाल्या आणि उठल्या. थोड्या वेळानं आत जाऊन बघते तर बाई पदर खोचून उंबऱ्यावर बसलेल्या, मुलाची आई मोबाईलचा उजेड धरून उभी आणि मुलाचे वडील खोबरेलची बाटली घेऊन हुकमाची वाट बघत असलेले. मानपानाचं उरलेलं बोलणं त्या उंबऱ्यातच उरकलं. मुलाची आई म्हणाली, "ह्यांना कवापासून सांगायले मी, कानावर घेतील तर शपथ." लग्न झालं. पुतणीची लेकरं आता शाळेत जातात आणि ते दार अजून वाजत नाही.

बाई आणि मी एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे त्यांना मी कायम बाई म्हणत आले, आणि पुढे मानवतला त्यांच्या शेजारीच घर बांधलं तरी ते काही सुटलं नाही. शाळेत कुणी "बाई, हे होणार नाही" म्हणालं की त्या चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "होतंय की. न व्हायला काय झालं?" हे त्या इतक्या थंडपणे म्हणायच्या की समोरच्याला आपणच काहीतरी वेडगळ बोललो असं वाटायचं. मला तर त्याचा रागच यायचा. माणसानं कधीतरी हात टेकावेत की नाही? बाईंना ते ठाऊकच नव्हतं.

आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. म्हणजे होती, पण पातळ पत्र्याची, बसवल्यावर महिन्याभरात हातात यायची. मग मुली दोघी दोघींनी जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. सातवी-आठवीतल्या मुली तर मधल्या सुट्टीत घरी निघून जायच्या आणि पुन्हा यायच्याच नाहीत. हजेरी घेताना आम्ही सगळे "मुली फार दांड्या मारतात" म्हणायचो. बाईंनी एका मुलीला विचारलं, तिनं खाली मान घालून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाई घरून एक कडी करून घेऊन आल्या. जुन्या सायकलच्या कॅरियरची पट्टी कापून, वाकवून, भोकं पाडून केलेली. दिसायला ओबडधोबड, पण त्या दारावर म्हैस जरी धडकली असती तरी ती निघाली नसती. त्या दारात बसवलेला कोयंडासुद्धा तसाच जाड. मुली दुपारनंतर शाळेत थांबायला लागल्या.

तिथून बाईंना कड्यांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर पार भरतीला आला. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी कारखाना मांडला. कारखाना हा त्यांचाच शब्द. एक टेबल, पट्टी पकडून धरायचा एक शिकंजा, कानशी, करवत, हातोडे आणि एक विजेचं ड्रिल. कुठल्या गावच्या शाळेत दार धड नाही हे त्यांना बरोबर कळायचं. त्या जायच्या, दाराचं माप घ्यायच्या, कारण आपल्याकडे कुठलंच दार सरळ नसतं, आणि त्या वाकड्या दाराला शोभेल अशी वाकडी कडी करून स्वतः बसवून यायच्या. चुडाव्याच्या बाजूला, सेलूकडं, कुठं कुठं त्यांच्या कड्या आहेत. जुगाड हा शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. एका हेडमास्तरांनी कौतुकानं "वा बाई, काय जुगाड केलात" म्हटलं, तर बाईंनी बसवलेली कडी काढून घेतली आणि त्यांना पुन्हा नीट बोलायला लावून मगच लावली.

मग तो पदराचा प्रकार झाला.

दुपारची वेळ होती. मी ज्वारी निवडत होते आणि भिंतीपलीकडे बाईंचं ड्रिल घुर्र करत होतं. एकदम आवाज बदलला, काहीतरी पडलं, आणि मग सगळं गप्प झालं. मी धावत गेले. बाईंचा पदर ड्रिलनं गुंडाळून घेतला होता, थेट गळ्यापर्यंत. नशीब चांगलं म्हणून पाय वायरीत अडकून प्लग सुटला, नाही तर काय झालं असतं ते मला आजही बोलवत नाही. बाई जमिनीवर बसल्या होत्या, गळ्यावर लाल वळ, आणि मला बघून म्हणाल्या, "कात्री आण. पातळ नवं आहे, कडेकडेनं काप." मी कडेकडेनं कापलं. पण संध्याकाळी मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा त्या देवासमोर बसून रडत होत्या, आणि मला बघून त्यांनी ते लपवलंही नाही.

त्यांचा मुलगा सुधीर पुण्यात असतो. तो रातोरात गाडी काढून आला. आईशी भांडला नाही, ते एक बरं. त्यानं ते ड्रिल खोक्यात घातलं, गाडीच्या डिकीत ठेवलं आणि म्हणाला, "आई, आता बास. दिवाळीला येतो तेव्हा ही खोली रिकामी करू. पाहुण्यांना होईल." बाईंनी टेबलावरच्या कानशी, करवत नीट रचून ठेवल्या. मग विचारलं, "विजेशिवाय केलं तर चालेल?" सुधीर हसला. म्हणाला, "हातानं काय करायचं ते कर, मी एका शब्दानं बोलणार नाही." त्याला काय माहीत, आईनं शब्द धरून ठेवला होता.

हातानं फिरवायचं छोटं ड्रिल दुकानात मिळतं. बाईंनी आणलं. ते लाकडात जायचं, पण कडीच्या जाड पट्टीवर नुसतं घसरायचं. आणि भोकाशिवाय कडी होत नाही. बाईंनी ते ड्रिल खिडकीत ठेवून दिलं आणि त्या अंगणात येरझारा घालायला लागल्या. दिवाळीपर्यंत काहीतरी जमलं नाही तर कारखाना बंद, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. खरं सांगायचं तर मला मनातून वाटत होतं, होऊ दे बंद. तो गळ्यावरचा वळ मी पाहिला होता.

देवगाव फाट्यावर दत्ता म्हणून एकाचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो बाईंना पट्ट्यांचे उरलेसुरले तुकडे द्यायचा. गणपतीच्या आधी बाई तिकडे निघाल्या, मला सेलूला बहिणीकडे जायचं होतं म्हणून मीही सोबत गेले. दुकानाच्या मागेच दत्ताचं घर. पाणी प्यायला आत गेलो तर ओसरीच्या कोपऱ्यात एका लाकडी खांबाला टेकून देव बसलेला. छातीएवढा उंच, शेंदरानं लालभडक, झेंडूची सुकलेली माळ घातलेला. कुठला देव ते कळेना. मी हात जोडले, बाईंनीही जोडले. मग बाईंनी मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. मी कोपरानं ढोसलं, पण बाई खाली वाकून देवाच्या बगलेत बघायला लागल्या होत्या.

"माय," त्या दत्ताच्या आईला म्हणाल्या, "याला दाते आहेत."

दत्ताची आई, गयाबाई, चुलीपुढं बसलेली वाळकी म्हातारी. ती सावकाश म्हणाली, "देव हाय तो."

"देव आहे ते दिसतंच आहे. आधी काय होता?"

गयाबाईला हसू आलं. "आधी बरमा व्हता. मालकाचा. लोहाराचं घर हाय बाई आमचं."

झालं होतं असं. गयाबाईचे मालक म्हणजे नवरा, लोहार. त्यांच्याकडे हा बरमा होता, म्हणजे जुन्या काळचं हातानं फिरवायचं भलंमोठं ड्रिल. खांबाला ठोकून उभं करायचं. वर जड लोखंडी चाक, बाजूला लाकडी मूठ. मूठ फिरवली की दात्यात दाते फिरतात आणि खाली भोक पाडायचं बिट गरगरत लोखंडात उतरतं. एक दिवस काम चालू असतानाच मालकांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना परभणीला नेलं आणि ते परत आले नाहीत. पुढं दत्तानं विजेची यंत्रं आणली. बरम्याला कुणी हात लावला नाही. फक्त दर खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात तेव्हा, गयाबाई त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावत गेली. वर्षावर वर्षं चढत गेली, थरावर थर चढत गेला आणि चाक, दाते, मूठ सगळं आत बुडालं. शेजारच्या बाया येता-जाता पाया पडायला लागल्या. एकीनं नवसही बोलला आणि तिला मुलगा झाला. मग कोण कशाला म्हणेल ते यंत्र आहे म्हणून.

"भंगारवाले मागायलेत," दत्ता म्हणाला. "माय देईना."

"इकायला न्हाई तो," गयाबाई म्हणाली.

"मला विकत नकोय," बाई म्हणाल्या. "मला फिरवायचाय." आणि मग त्यांनी चुलीपुढं बसकण मारून तिला सगळं सांगितलं. मुली, दारं, कड्या, पदर, सुधीर, दिवाळी. गयाबाईनं पदराच्या गोष्टीला बाईंच्या गळ्याकडे निरखून पाहिलं.

"फिरत न्हाई तो आता," ती म्हणाली.

"होतंय की."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "न्या. खंडेनवमीला माझ्या दारात घेऊन या. फिरला तर बरमा तुमचा. न्हाई फिरला तर पुन्यांदा शेंदूर लावून हिथंच बसवीन, मंग कुनाला देयाची न्हाई." तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दत्तानं नट सोडवले, माझं सेलूला जाणं राहिलं आणि देव पोत्यात बसून आमच्यासोबत मानवतच्या एसटीत चढला. कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?" मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "देव आहे." कंडक्टरनं पोत्याला हात लावून छातीला लावला आणि पुढं गेला.

घरी आल्यावर बाईंनी पितळेचा चमचा घेऊन शेंदूर खरवडायला घेतला. लोखंडाचं काही लावलं तर ओरखडे पडतील म्हणून चमचा. खरवडलेला शेंदूर त्या एका वाटीत गोळा करायच्या. "देवाचा आहे, केरात कसा टाकू?" त्या थरांवर रॉकेल चोळायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा खरवडायचं. मला वाटलं होतं, आत सगळा गंज असेल. पण तेलाच्या आणि शेंदराच्या आत लोखंड अगदी निरोगी होतं. कुणी ग्रीस लावून जपून ठेवलं असतं तरी इतकं टिकलं नसतं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हातारीनं याला देव केला म्हणून हा वाचला, बघ. भंगारात गेला असता तर आज सळई झाला असता."

मूठ निघाली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. लाकडाची, एका बाजूनं तडकलेली, आणि मधे बोटांनी झिजून खळगे पडलेले. बाईंनी ती हातात धरून पाहिली, माझ्या हातात दिली, परत घेतली. "लोहाराचा हात इतका बारीक असतो का गं? हा पुरुषाचा हात नव्हे," म्हणाल्या. नवी मूठ करायला त्यांनी बाभळीचं लाकूड आणून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. तडकलेल्या मुठीला त्यांनी तांब्याची तार आवळून घेतली.

आणि सगळ्यात खाली, जिथं काम ठेवायची बैठक असते, तिथं शेंदराच्या गोळ्यातून एक जाड पट्टी निघाली. वखराची असावी. पट्टी शिकंज्यात धरलेली, वर बिट रोवलेलं, आणि भोक अर्धंच पाडलेलं. मालकांचं दुखायला लागलं तेव्हा हेच काम चाललं असणार. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी बिट काढून धार लावली, पट्टी पुसली, पण ते भोक पुढं पाडलं नाही. "ते आपलं काम नव्हे," म्हणाल्या.

बरमा मात्र फिरेना. चाक हलायचं, पण खाली बिट धरणारा दांडा जाम झालेला. मी म्हटलं, हातोडा मारा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या खोलीत हातोडा हा शब्द काढला नाही. भाद्रपदातलं ऊन आमच्याकडे काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाईंनी तो सगळा सांगाडा दुपारी अंगणातल्या पत्र्यावर ठेवायला सुरुवात केली. लोखंड चटका बसण्याइतकं तापलं की दांड्याच्या फटीत तेल सोडायचं. संध्याकाळी ते थंड होऊ द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र्यावर. गल्लीतली माणसं विचारायची, "बाई, काय वाळवायल्या?" गणपती गेले, पितृपंधरवडा आला, घट बसले. दांडा तसाच. मी म्हणायची, "बाई, दिवाळी आली." त्या म्हणायच्या, "ऊन अजून आहे की."

घट बसल्यावर एका संध्याकाळी भिंतीपलीकडून टक टक टक असा आवाज यायला लागला. मी गेले तर बाई मूठ फिरवत होत्या, चाक डौलात फिरत होतं आणि दात्यात अडकणारा एक छोटा खटका बिट खाली ढकलत दर फेऱ्याला टक म्हणत होता. त्यांनी एक कडीची पट्टी लावली, भोक आरपार गेलं. मग मूठ सोडली. बरमा थांबला. "पाहिलंस?" बाई म्हणाल्या. "मी थांबले की हा थांबतो."

खंडेनवमीला आम्ही फाट्यावर पोचलो. दत्ताच्या ओसरीत पांढऱ्या कापडावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, वेल्डिंगच्या मशीनलासुद्धा झेंडूचा हार. बाईंनी दत्ताकडून बरमा त्याच्या जुन्या खांबाला, जुन्याच भोकांत, नट हातानंच आवळून बसवून घेतला. अर्ध्या भोकाची ती पट्टी जिथं होती तिथं लावली. गयाबाई समोर पाटावर येऊन बसली. शेंदूर नसलेल्या त्या लोखंडाकडे ती नुसती बघत राहिली. बाईंनी पदर खोचला, नीट दोनदा खोचला, आणि मुठीला हात घातला.

गयाबाईनं मनगट धरलं. "आं हां. आज न्हाई."

"तुम्हीच म्हणालात, खंडेनवमीला."

"आना म्हनले मी. फिरवा म्हनले का? आज हत्याराला देव म्हनायचं, कामाला न्हाई लावायचं. उद्या दसरा, उद्या फिरवा."

बाईंनी मूठ सोडली. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. "आमच्या किराणा दुकानात तर वडील तराजूला हळदकुंकू वाहायचे आणि लगेच त्याच तराजूत गिऱ्हाइकाला साखर जोखून द्यायचे," त्या म्हणाल्या.

"मंग? वान्याचा देव गिऱ्हाईक आलं की उठतो," गयाबाई म्हणाली, आणि ओसरीतली सगळी माणसं हसली. बाईही हसल्या. पण माझं लक्ष होतं. एसटीच्या हिसक्यांनी बरम्याच्या खटक्याचा स्क्रू ढिला झाला होता आणि ते बाईंना दिसलं होतं. त्यांचा हात पर्सकडे गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. पेचकस म्हणजे हत्यारच. त्या दिवशी आम्ही तिथंच राहिलो. पुरणपोळी झाली, गप्पा झाल्या, आणि बाई दर थोड्या वेळानं त्या स्क्रूकडे बघत होत्या. रात्री अंथरुणावर मी विचारलं, "होईल ना हो बाई?" पहिल्यांदाच त्यांनी होतंय की म्हटलं नाही. "तो खटका सुटला तर सगळं गेलं, शोभा," म्हणाल्या आणि कूस बदलली.

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकून बाईंनी आधी स्क्रू आवळला. मग मूठ धरली. चाक फिरलं, टक टक सुरू झालं, दत्ताची पोरं टाळ्या पिटायला लागली. पण बिट त्या जुन्या भोकात नुसतं फिरत होतं. लोखंड धरत नव्हतं, चिरकत होतं. बाईंनी जोर लावला, घामानं कपाळावरची विभूती ओघळली. दत्ता हळूच म्हणाला, "माय, लय जाड पट्टी हाय. न्हाई व्हायचं ते."

गयाबाई पाटावरून उठली. तिनं बाईंना हातानं बाजूला केलं आणि मूठ धरली. त्या वाळक्या हाताची बोटं मुठीच्या खळग्यांत जाऊन बसली, एकेक बोट एकेका खळग्यात.

"तुमी तिकडं व्हा," ती बाईंना म्हणाली. "वरचा दांडा दाबा. मालक तिकडं उभं ऱ्हायचे. फिरवायची मी."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, पुरुषाचा हात नव्हे म्हणून?" आणि त्या पलीकडे जाऊन दांड्याला भिडल्या. दोघींनी सुरुवात केली. बाई दाबायच्या, गयाबाई फिरवायची, दत्ता मधेमधे पाणी सोडायचा. चिरकणं थांबलं. भोकातून लोखंडाची बारीक कुरळी साल वर यायला लागली. गयाबाई कुणाकडे बघत नव्हती. मग एकदम तिनं फिरवण्याची गती कमी केली. "आता हलकं," म्हणाली. "शेवटाला जोर काढून घ्या." बाईंनी हात सैल केला, आणि बिट पट्टीच्या पलीकडे अलगद उतरलं.

गयाबाईनं मूठ लगेच सोडली नाही. दत्ता तोंड फिरवून दुकानाकडे बघत उभा होता. मला वाटलं, आता ही म्हातारी बरमा द्यायची नाही, आणि का द्यावा तिनं? बाईंनाही तेच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "माय, तुमचा आहे. इथंच राहू द्या."

"फिरला का न्हाई?"

"फिरला."

"मंग झालं की. शब्द हाय माझा." तिनं शिकंजा सैल केला, ती वखराची पट्टी काढली, भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि पदरानं पुसली. "देव हिथं ऱ्हाईल माझ्याजवळ. बरम्याला कामाला जाऊ द्या." बाईंनी पिशवीतून ती खरवडलेल्या शेंदराची वाटी काढून तिच्यापुढं ठेवली. गयाबाईनं त्यात तेल घातलं, कालवलं, आणि त्याच शेंदरानं ती पट्टी माखून देव्हाऱ्यात उभी केली.

दिवाळीला सुधीर खोकी घेऊन खोली रिकामी करायला आला. बाईंनी त्याच्या हातात मूठ दिली आणि "फिरव" म्हणाल्या. त्यानं फिरवली. मधेच सोडली, बरमा थांबला. पुन्हा फिरवली, पुन्हा सोडली. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. मग खोकी तशीच दुमडून गाडीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्याच्या बाजारातून आईला बसायला एक उंच स्टूल घेऊन आला. दरवर्षी खंडेनवमीला मात्र बाई पेचकससुद्धा पर्समधून काढून देवापुढं ठेवायच्या. एकदा त्याच दिवशी त्यांच्या न्हाणीच्या दाराची मूठ हातात आली. बाई दिवसभर दार दोरीनं बांधून बसल्या, पण हत्याराला शिवल्या नाहीत. मी यथेच्छ हसून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात बाई वारल्या. पुण्याला सुधीरकडे चार दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, तिथं झोपेतच. मला त्यांची फार आठवण येते. भिंतीपलीकडून टक टक ऐकू येत नाही, हे अजून कानाला पटत नाही.

त्या निघाल्या त्या सकाळी मी त्यांना सांगायला गेले की रिक्षा आली आहे, आता चला. पिशव्या दारात भरून ठेवलेल्या. बाई मात्र मागच्या खोलीत, प्रवासाचं पातळ नेसून, पदर दोनदा खोचून, बरम्यापाशी उभ्या. कुठल्यातरी शाळेची शेवटची कडी राहिली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा तळवा वर केला, थांब म्हणून. कान खाली नेला. चाक सावकाश, आणखी सावकाश फिरत होतं, आणि उजव्या हातानं त्या त्यातला जोर काढून घेत होत्या. बिट पलीकडे उतरलं. त्यांनी कडी काढली, फुंकर मारून कीस उडवला आणि माझ्या हातात दिली. अजून गरम होती.

"एवढी तू बसवशील," बाई म्हणाल्या.

"मला नाही हो जमायचं, बाई."

"होतंय की," त्या म्हणाल्या, आणि पर्समधला पेचकस काढून मला देऊन रिक्षात जाऊन बसल्या.